गॅलंट म्हंजी काय, बाई?

गेल्या श्रावणात एका दुपारी आमच्या आळीतल्या आक्का ओसरीवर येऊन टेकल्या. पदराआडून त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी आणि गुंडाळीतून एक कागद. चार घड्या पडलेला, घड्यांवर पिवळा झालेला. "बाई, एवढं वाचून दावा. समदं इंग्रजीत हाय."

त्यांच्या धाकट्या मुलाच्या सेना पदकाचं ते प्रशस्तिपत्र होतं. पोरगा काश्मीरमधल्या एका कारवाईत गेला, त्याला आता कैक वर्षं झाली. पदक घरात काचेच्या पेटीत आहे, शेजारी त्याचा वर्दीतला फोटो, फोटोला चंदनाचा हार. 15 ऑगस्टला आणि 26 जानेवारीला शाळेत आक्कांना पहिल्या रांगेत खुर्ची असते, शाल-नारळ असतो, भाषणं होतात. पण त्या कागदावर नेमकं काय लिहिलंय, ते इतक्या वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मध्यंतरी पुतण्यानं मोबाइलवर त्याचं मराठी करून दिलं. त्यात 'रॉ करेज' या दोन शब्दांचं 'कच्चे धैर्य' झालं होतं. आक्कांच्या मनात तेवढंच रुतून बसलं होतं. "बाई, माझ्या लेकाचं धैर्य कच्चं व्हतं व्हय?"

मी 33 वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. आमच्या साताऱ्याकडे घरटी एखादा माणूस फौजेत असतो. माझे वडील मराठा पलटणीत होते, माझ्या वर्गातली कितीतरी मुलं भरतीला गेली. धड्याखालचे शब्दार्थ फळ्यावर लिहून द्यायची आमची पद्धत. ब्रेव्ह म्हणजे शूर, गॅलंट म्हणजे शूर, व्हॅलियंट म्हणजे शूर, करेजस म्हणजे धाडसी, नाहीतर शूरच. मुलं उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची, गुण मिळायचे. त्या दुपारी कागद हातात घेतला आणि मी पहिल्याच ओळीला अडले. अर्ध्या पानात असे पाच शब्द होते. पाचही ठिकाणी 'शूर' घातलं असतं, तर त्या पोरानं काय केलं ते त्याच्या आईला कळलं नसतं. मी आक्कांकडे आठ दिवसांची मुदत मागितली.

त्या आठ दिवसांत कोशांची पानं उलटताना जे सापडलं, ते सांगायलाच हवं असं वाटलं म्हणून हे लिहिते आहे. शौर्याचे सगळे इंग्रजी शब्द आपण एकाच पोत्यात भरतो, हे थांबायला हवं. त्यातल्या प्रत्येकाचं कूळ वेगळं आहे आणि बरेच तर आपल्याच भावकीतले आहेत. ती ओळख पटली की त्यांना मराठीत जोडीदार सापडतो, आणि तो जोडीदार आक्कांना आधीपासूनच माहीत असतो.

'गॅलंट'पासूनच बघा. जुन्या फ्रेंचमध्ये 'गालेर' म्हणजे मौज करणं, चैन करणं. त्यावरून 'गालां' म्हणजे चैनी, रंगेल माणूस. मोठ्या समारंभाला इंग्रजीत 'गाला' म्हणतात, तोही याच घरातला. शेक्सपिअरच्या काळातल्या लंडनमध्ये गॅलंट म्हणजे भरजरी कपडे घालून मिरवणारा तरुण. असे तरुण जादा पैसे मोजून नाटकगृहात थेट रंगमंचावर बसायचे, म्हणजे नाटकाबरोबर आपणही दिसावं. असा शब्द रणांगणावर कसा गेला? जो मेजवानीला जावं तशा रुबाबात लढाईला जातो, तो गॅलंट. नटण्यातला डौल पुढे मरणासमोरचा डौल झाला. इंग्रजीनं जुना अर्थ पुरता टाकलाही नाही; याच शब्दातल्या दुसऱ्या अक्षरावर जोर दिला की तो आजही बायकांशी अदबीनं वागणाऱ्या छैलाबद्दल वापरतात.

मराठीत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदणारा शब्द कोणता? दोन दिवस डोक्यात तेच होतं. मग एकदम आठवला: बांका. बांका म्हणजे नखरेल, ऐटबाज, आणि बांका म्हणजे लढवय्याही. बांका गडी, बांका शिपाई. ऐट आणि धमक एकाच शब्दात, थेट गॅलंटसारखी. आक्कांना वाचून दाखवताना मी म्हटलं, "इथं लिहिलंय की तो बांका लढला." त्या लगेच म्हणाल्या, "बांकाच व्हता. जत्रंत फेटा बांधून निघाला की आळी बघत ऱ्हायाची." शब्द जागेवर बसला, हे मला कोशापेक्षा त्यांच्या चेहऱ्यावर जास्त कळलं.

'ब्रेव्ह'ची गोष्ट याहून अवघड आहे. हा शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये इटालियन-स्पॅनिशमधून. तिकडे 'ब्राव्हो' म्हणजे रानटी, न माणसाळलेला. स्पेनमध्ये झुंजीच्या बैलाला आजही 'तोरो ब्राव्हो' म्हणतात. इटलीत जमीनदारांच्या पदरी असलेल्या भाडोत्री गुंडांना 'ब्राव्ही' म्हणत. त्याच्याही मागे अनेक कोशकार लॅटिन 'बार्बारुस' शब्दापर्यंत जातात, म्हणजे आपला बर्बर. इंग्रजीत आल्यावर काही काळ त्याचा अर्थ 'देखणा, झकास' असाही होता. शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट' नाटकात मिरांडा नव्या जगाला ब्रेव्ह म्हणते, तिथे तिला ते जग सुंदर म्हणायचं असतं. ऑल्डस हक्स्लीनं 1932 च्या कादंबरीचं नाव तिथूनच उचललं. मग त्या नावात 'शूर' कुठून येणार?

रानटी आणि गुंड या अर्थाच्या शब्दाला आपण एवढा मान देतो याचं नवल वाटेल, पण आपल्याकडेही तेच झालं आहे. 'साहस' शब्द 'सहस्' म्हणजे बळ यापासून आला. धर्मशास्त्रांत साहस हे गुन्ह्याचं नाव आहे: बळजबरी, मारहाण, दरोडा. मनुस्मृतीत तर दंडाच्या श्रेणींनाच साहस म्हटलं आहे. पहिलं साहस 250 पणांचं, मधलं 500 चं, उत्तम साहस 1000 पणांचं. माझ्या वडिलांच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचं ब्रीद आहे कर्तव्य, मान, साहस. एकेकाळी ज्याला दंड व्हायचा, ते ब्रीदवाक्यात जाऊन बसलं. बळ तेच. ते कुणासाठी वापरलं, यावर त्याला दंड द्यायचा की पदक ते ठरतं. कर्तव्य आणि मान हे दोन शब्द ब्रीदात आधी आले आणि साहस शेवटी, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

'व्हॅलर' या शब्दावर मात्र माझं मन जडलं. लॅटिन 'वालेरे' म्हणजे सशक्त असणं, मोलाचं असणं. व्हॅल्यू, व्हॅलिड ही त्याचीच भावंडं. जुन्या इंग्रजीत व्हॅलरचा एक अर्थ सरळ किंमत, मोल असाच होता. 29 जानेवारी 1856 रोजी व्हिक्टोरिया राणीच्या नावानं क्रॉस सुरू झाला, तेव्हा त्यावर 'शूरांसाठी' अशा अर्थाचे शब्द घालायचं चाललं होतं. राणीनं ते बदलले. तसं लिहिलं, तर ज्यांना हा क्रॉस मिळाला तेवढेच शूर, असा अर्थ निघेल, असं तिचं म्हणणं होतं. म्हणून त्यावर आलं 'फॉर व्हॅलर'. माणसावर शिक्का न मारता त्याच्या कृतीचं मोल करणारा शब्द तिनं निवडला. आणि ते पदक कांस्याचं आहे, सोन्याचांदीचं नाही. आपलं परमवीर चक्रही कांस्याचंच.

मोलाचीच गोष्ट निघाली आहे, तर हेही सांगितलं पाहिजे की त्या क्रॉससाठी देशी शिपायाचं मोल होण्यासाठी 1911 साल उजाडावं लागलं. त्याआधी कंपनी सरकारनं 1837 साली देशी शिपायांसाठी वेगळं पदक काढलं होतं. त्यावरही व्हॅलर हा शब्द होता, पण पंगत वेगळी होती. 1914 साली बेल्जियममध्ये खुदादाद खान यांनी ती पंगत मोडली. दुसऱ्या महायुद्धात आपल्या मुलखातल्या दोघांना इटलीत तो क्रॉस मिळाला. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव, दोघेही पाचव्या मराठ्यांचे.

नाईक यशवंत घाडगे कुलाब्याचे, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातले. 10 जुलै 1944 रोजी तायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून सगळे पडले, कुणी मेले, कुणी जखमी झाले. ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. बॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली, बंदुकीत गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्यानं हाणलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच कोसळले. 'पराक्रम' या आपल्या शब्दाची फोड केली की 'क्रम' म्हणजे पाऊल टाकणं हाती येतं. पराक्रम म्हणजे पाऊल पुढे टाकणं. घाडग्यांच्या बाबतीत या शब्दाला कसलीच अलंकारिक मदत लागत नाही. मागे येणारं कुणी उरलं नसताना त्यांनी पाऊल पुढे टाकलं.

नामदेव जाधव अहमदनगरकडचे, कंपनीचे रनर, निरोप्या. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदी ओलांडताना त्यांनी आधी काय केलं, ते मला महत्त्वाचं वाटतं. दोन जखमी साथीदारांना त्यांनी एकामागून एक खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे पोचवलं. मग परत आले आणि मशीनगनच्या चौक्या मोडल्या. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा बंदूक टाकून हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून, मराठ्यांची युद्धगर्जना करत त्यांनी उरलेल्या कंपन्यांना पुढे बोलावलं. आपल्या भाषणांत ही गर्जना तेवढी सांगतात. पाठीवरचे दोन जखमी कुणी सांगत नाही. व्हॅलरचं मोल लावायचं तर मी आधी त्या दोघांपासून मोजायला लागेन.

आक्कांच्या कागदावरचा पुढचा शब्द होता 'कॉन्स्पिक्युअस'. शौर्यपदकांच्या इंग्रजीत तो हमखास असतो. परमवीर चक्राच्या नियमातही आहे. 'उल्लेखनीय' असं त्याचं सरकारी मराठी होतं आणि ते वाचून काहीच डोळ्यांसमोर येत नाही. लॅटिन 'स्पेकेरे' म्हणजे पाहणं; स्पेक्टॅकल, इन्स्पेक्टर त्याच्यातूनच आले, आणि संस्कृतातलं 'पश्यति' याच नात्यातलं. कॉन्स्पिक्युअस म्हणजे ठळक दिसलेलं, नजरेत भरलेलं. मी आक्कांना म्हटलं, "सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केलं, असं आहे इथं." त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी कुनीतरी बघितलं. येकटा नव्हता." इतक्या वर्षांत त्यांना टोचत राहिलेला प्रश्न तो होता, हे मला तेव्हा समजलं. पोरगा शेवटच्या घटकेला एकटा होता का? उत्तर त्या कागदावरच, एका शब्दात, ट्रंकेत पडून होतं.

या शब्दाला दुसरी बाजूही आहे. पाहणारा असेल तरच पदक. ज्याच्या भोवतीचे सगळेच गेले, त्याचं काय झालं ते सांगणारं कुणी उरत नाही. हा काही कुणाचा दोष नाही, साक्षीशिवाय निवाडा होत नाही. पण पदक नाही म्हणून धैर्य नव्हतं असं आपल्या गावांत बोललं जातं, ते चूक आहे. राणीनं 1856 साली जो विचार केला, तो आपण चावडीवर करायला काय हरकत आहे?

'अनडॉन्टेड' या शब्दानं मला खरा आनंद दिला. लॅटिन 'दोमारे' म्हणजे माणसाळवणं, वश करणं. त्यातून फ्रेंचमार्गे 'डॉन्ट' म्हणजे दबवणं, खच्ची करणं. अनडॉन्टेड म्हणजे जो दबला नाही. हेच मूळ इंग्रजीत 'टेम' म्हणून आहे आणि संस्कृतात 'दम्' म्हणून, ज्यातून दमन आलं. मग डॉन्टलेसला आपल्याकडे काय म्हणतात? अदम्य! अर्थ तोच आणि धातूही तोच. ग्रीकमध्ये त्याच मुळाला नकार लावून 'अदामास' झालं, म्हणजे न नमणारं. त्यातून इंग्रजीत अॅडमंट आला आणि डायमंडही. वर्गात हे सांगितलं असतं, तर किती मुलांच्या कायम लक्षात राहिलं असतं! संस्कृतात 'दम्य' म्हणजे जुवाला जुंपायच्या वयाचा गोऱ्हा. अमरकोशात हा शब्द आहे. अदम्य म्हणजे ज्याच्या मानेवर कुणाला जू ठेवता आलं नाही असा. पेपरात रोज 'अदम्य साहस' छापून येतं, पण त्या शब्दातला गोऱ्हा कुणाला दिसत नाही. आक्कांनी जन्मभर बैलं सांभाळली. त्यांना तो दिसला.

'डेअर'ही आपल्या घरचाच. डेअर आणि संस्कृत 'धृष्' हे सख्खे. त्या 'धृष्'मधून आपल्याकडे धारिष्ट आलं आणि धीटही आला. 'धीट पोर आहे' असं आपण म्हणतो, तेव्हा इंग्रजी 'डेअर'च्या भावाला हाक मारत असतो. आणि भित्र्यासाठी इंग्रजीत जो 'कावर्ड' आहे, त्याच्या पोटात लॅटिन 'काउदा' आहे, म्हणजे शेपूट. आपण शेपूट घालतो म्हणतो, तेही तेच म्हणतात.

घोड्यावरचे शब्द पटकन सांगते. 'शिव्हलरी' आणि 'कॅव्हलरी' दोन्ही लॅटिन 'काबाल्लुस'वरून आले. तो सरदारी घोडा नव्हता, ओझ्याकामाचं तट्टू होता. 'नाइट' म्हणजे मुळात पोऱ्या, गडी. जर्मनमध्ये 'क्नेख्त' आजही गडीच आहे. आपल्याकडे स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. फारसीत बारगीर म्हणजे ओझं वाहणारा. मानाच्या कितीतरी शब्दांची सुरुवात अशी तबेल्यात झाली आहे.

आता ज्याच्याशी माझं भांडण आहे तो शब्द. इंग्रजीत 'व्हर्च्यू' म्हणजे सद्गुण. लॅटिनमध्ये 'विर्तुस', 'विर' म्हणजे पुरुष यावरून, आणि हा 'विर' म्हणजे आपला वीरच. रोमन लोकांना पुरुषपणा आणि धैर्य वेगळे दिसतच नव्हते. आपल्याकडेही पौरुष, मर्दुमकी, मर्दानी हे सगळे त्याच वाटेनं गेलेले शब्द. बाई धैर्यानं वागली की आपण तिला मर्दानी म्हणून मोठेपणा देतो. हे मला कधीच पटलं नाही. परमवीर चक्र आजवर 21 जणांना मिळालं, ते सगळे पुरुष आहेत. पण त्या चक्राचा आकार ज्यांनी रेखला त्या सावित्रीबाई खानोलकर. जन्मानं स्विस, लग्नानं मराठी, मनानं पुऱ्या भारतीय. त्यांनी चक्रावर इंद्राची चार वज्रं घातली. वज्र कशाचं झालं? दधीची ऋषींनी आपण होऊन दिलेल्या हाडांचं. मारणाऱ्याचं शस्त्र दाखवताना त्यांनी देणाऱ्याची आठवण ठेवली. आणि 5 सप्टेंबर 1986 ला कराचीच्या विमानतळावर अपहरण झालेल्या विमानातल्या प्रवाशांना बाहेर काढताना जी गेली, ती नीरजा भनोत 22 वर्षांची होती. तिला अशोक चक्र मिळालं. तिच्यासाठी मर्दानी हा शब्द लागतो का? वीर हा शब्द मला सोडायचा नाही, तो मोठा आहे. पण त्याच्यातली पुरुषाची खूण पुसून टाकायला आता हरकत नसावी. व्हर्च्यूतली इंग्रजीनं केव्हाच पुसली.

धीर या शब्दाला मात्र आपण फार कमी लेखतो. इंग्रजीत 'फॉर्टिट्यूड' आहे, लॅटिन 'फोर्तिस' म्हणजे मजबूत यावरून. त्याच मुळातून 'कम्फर्ट' आला. कम्फर्ट म्हणजे आज आपल्याला मऊ गादी आठवते, पण मूळ अर्थ होता बळ देणं. मराठीत आपण दुःखात असलेल्याला धीर देतो, तो अगदी हाच. धीर म्हणजे धैर्य, आणि धीर म्हणजे थांबण्याची, सोसण्याची ताकदही. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे मुंबई सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट होते. 8 ते 11 एप्रिल 1948, चार दिवस, नौशेरा-राजौरी रस्त्यावर ते सुरुंग काढत होते, पाडलेली झाडं बाजूला करत होते, रणगाड्यांना वाट करून देत होते. जखमी झाले तरी काम सोडलं नाही. वरून गोळ्या येत असताना रणगाड्याखाली सरपटत, त्याच्याबरोबर पुढे सरकत राहिले. त्यांनी कुणावर झेप घेतली नाही. एकेक सुरुंग, एकेक ओंडका, असे हात चालवत राहिले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. या धैर्याला 'थरारक' म्हणणं म्हणजे त्याचा मुद्दाच न कळणं. हा धीर आहे, नेट आहे, चिवटपणा आहे.

शेवटी उरला तो आक्कांचा प्रश्न, 'रॉ करेज'चा. करेज म्हणजे काळीज. लॅटिन 'कोर', जुनं फ्रेंच 'क्युअर', त्यातून कोराज. चौदाव्या शतकात चॉसर हा शब्द लिहितो तेव्हा त्याचा अर्थ शौर्य नसून हृदय, मन, अंतरीची ओढ असा आहे. शौर्याचा अर्थ त्याला हळूहळू चिकटला. आणि सामान्य माणसांनी प्रत्येक भाषेत हेच केलं आहे: धैर्य शोधायला शरीराच्या आत हात घातला आहे. इंग्रजीत 'प्लक' म्हणजे खाटीक जनावराच्या पोटातून एकत्र ओढून काढतो ते काळीज, यकृत, फुफ्फुसं. अठराव्या शतकात त्याचा अर्थ धमक असा झाला. 'गट्स' म्हणजे आतडी. आपण फारसीतून जिगर घेतलं, ते यकृत. छाती आपली, काळीज आपलं, ऊर आपला.

आणि हिय्या. आपण हिय्या करतो, म्हणजे मन घट्ट करून पुढे होतो. हा हिय्या हृदयातून आला: हृदय, प्राकृतात हिअअ, मराठीत हिय्या. हृदय, इंग्रजी हार्ट आणि लॅटिन कोर हे भाषातज्ज्ञ एका कुळातले मानतात. म्हणजे करेज आणि हिय्या हे हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले भाऊ. दोघेही हृदयातून निघाले आणि एकमेकांना न भेटता एकाच अर्थाला येऊन पोचले.

'रॉ'चा अर्थ इथे कच्चं असा नाहीच. ज्यावर काही चढवलेलं नाही ते रॉ. ना चिलखताचा आधार, ना कुणाच्या पाठबळाचा. मी कागदावर लिहिलं, 'निव्वळ हिय्याच्या बळावर'. आक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, निव्वळ हिय्या, निव्वळ हिय्या. "आसं हाय व्हय," म्हणाल्या. "मंग कच्चं कुटं?"

अशी प्रशस्तिपत्रं इंग्रजीतच किती घरांत पडून असतील! गॅझेट निघतं इंग्रजीत आणि हिंदीत. पदक घेणारी आई किंवा बायको मात्र अनेकदा फक्त मराठी वाचते, कित्येकदा तेही कुणाकडून वाचून घेते. तिच्या माणसानं काय केलं, हे तिच्या भाषेत, तिला समजेल अशा शब्दांत तिला मिळालं पाहिजे. राज्याच्या भाषा संचालनालयानं आणि प्रत्येक जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयानं मिळून हे काम हाती घ्यावं. पदक मिळालेल्या प्रत्येकाचं प्रशस्तिपत्र मराठीत, एका जाणत्या माणसाकडून तपासून घेतलेलं, घरपोच द्यावं. खर्च फार नाही. तोवर गावोगावच्या इंग्रजी आणि मराठीच्या शिक्षकांनी एकत्र बसावं. आठवी-नववीच्या मुलांना सोबत घ्यावं, कोश उघडावा, मोबाइल बाजूला ठेवावा. गावातल्या ज्या घरात काचेच्या पेटीत पदक आहे, तिथे जाऊन कागद मागावा आणि तो त्या घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला मराठीत मोठ्यानं वाचून दाखवावा. माझ्या आळीतलं एक घर झालं आहे. पुढच्या आळीत अजून दोन आहेत.